परदेशात राहून निवडणूक पाहताना

आपल्या विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ भागातली कितीतरी मुलं शिक्षणासाठी, नोकरीसाठी परदेशात जातात. तिथे निवडणूक लागली की त्यांना दोन प्रश्न पडतात. इथले लोक मत कसं देतात? आणि माझं स्वतःचं मत कुठे? आज हे दोन्ही प्रश्न समजून घेऊया.

उदाहरण आयर्लंडचं घेऊ. या देशाशी आपल्या कोकणाचं नातं आहे. मालवण तालुक्यातल्या वराड गावचे डॉ. अशोक वराडकर यांचे चिरंजीव लिओ वराडकर २०१७ मध्ये आयर्लंडचे पंतप्रधान झाले.

तिथे मतदान कागदी मतपत्रिकेवर होतं. पण मतदार एकाच नावापुढे खूण करत नाही, तर १, २, ३ असे पसंतीचे आकडे लिहितो. एका मतदारसंघातून तीन ते पाच जण निवडून येतात. मतमोजणीच्या अनेक फेऱ्या होतात. फेब्रुवारी २०२० मध्ये वराडकर पंतप्रधानपदावर होते, तरी त्यांची स्वतःची जागा पाचव्या फेरीत निश्चित झाली!

फेऱ्या म्हणजे काय? आपण वर्गप्रमुख निवडून पाहू. मुलं ३०. पहिल्या पसंतीची मतं अशी पडली: अ ला १३, ब ला १० आणि क ला ७. आपल्या विधानसभेच्या पद्धतीने अ जिंकला. पण १७ मुलांनी त्याला मत दिलेलं नाही, हे लक्षात घ्या. पसंतीच्या पद्धतीत निम्म्याहून जास्त, म्हणजे १६ मतं हवीत. तेवढी कोणालाच नाहीत. म्हणून शेवटचा क बाद. त्याच्या ७ मतपत्रिकांवरची दुसरी पसंती बघायची. समजा ६ मतं ब ला आणि १ अ ला गेलं. आता ब १६, अ १४. ब निवडून आला. मतदार तेच, मतपत्रिका त्याच, पण मोजायची रीत बदलली आणि निकाल बदलला.

ही रीत आपल्याला परकी नाही बरं का. आपले राष्ट्रपती आणि राज्यसभेचे खासदार पसंतीच्या मतांनीच निवडले जातात. १९६९ मध्ये व्ही. व्ही. गिरी दुसऱ्या पसंतीची मतं मोजल्यावर राष्ट्रपती झाले होते.

आता दुसरा प्रश्न. परदेशात राहणाऱ्या भारतीयाला तिथे मत देता येतं का? देशोदेशी नियम वेगळे. ब्रिटनमध्ये रीतसर राहणारा भारतीय नागरिक राष्ट्रकुल देशाचा असल्यामुळे नाव नोंदवून तिथल्या संसदेसाठीही मत देऊ शकतो. आयर्लंडमध्ये फक्त स्थानिक निवडणुकीत देता येतं. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष किंवा संसदेसाठी फक्त तिथल्या नागरिकालाच मत देता येतं. नागरिक नसताना मत दिलं तर तो गुन्हा ठरतो. म्हणून तिथे कोणताही फॉर्म न वाचता सही करायची नाही, हे जाणाऱ्याला आधीच सांगा.

आणि भारतातलं मत? २०१० च्या कायदादुरुस्तीनंतर, ज्याने परदेशी नागरिकत्व घेतलेलं नाही, त्याला नमुना ६अ भरून पासपोर्टवरच्या पत्त्याच्या मतदारसंघात नाव नोंदवता येतं. मात्र मत द्यायला मूळ पासपोर्ट घेऊन स्वतः मतदान केंद्रावर यावं लागतं. २० मे २०२४ ला कल्याण लोकसभेचं मतदान होतं. डब्लिनमधल्या मुलाला तेवढ्यासाठी विमानाचं तिकीट काढणं किती जणांना परवडेल? परदेशी नागरिकत्व घेतलं, की भारतातला मताचा हक्क संपतो. मग ओसीआय कार्ड असलं तरी मत देता येत नाही.

उपक्रम: तुमच्या ओळखीचं कोणी परदेशात असेल तर त्यांना तीन प्रश्न विचारा. तिथे मतदान कोणत्या वारी होतं? बोटाला शाई लावतात का? मतं कशी मोजतात? उत्तरं वहीत लिहा आणि शेजारी आपल्याकडची पद्धत लिहा. मग वर्गप्रमुखाची निवडणूक दोन्ही पद्धतींनी घेऊन बघा. निकाल वेगळा आला, तर कोणता जास्त न्याय्य वाटतो, यावर वर्गात चर्चा करा.