सिलिंडरमध्ये ऑक्सिजन किती उरला?

सिलिकोसिस, जुना दमा, टीबी बरा झाल्यावरही कमजोर राहिलेली फुप्फुसे, अशा काही रुग्णांना डॉक्टर घरी ऑक्सिजन लावायला सांगतात. सिलिंडर भाड्याने येतो. आणणारा माणूस पाना कसा फिरवायचा ते दाखवतो आणि निघून जातो. रात्रभर पुरेल का, हे कोणी सांगत नाही. रात्री दोन वाजता तो संपला तर बोळातून दुसरा आणायचा कसा?

हा हिशेब आपला आपल्याला करता येतो. सुई काढलेली नवी सिरिंज घ्या, तोंड बोटाने बंद करा आणि दट्ट्या दाबा. आतली हवा थोड्या जागेत मावते, पण बोटावर जोर वाढतो. तापमान तेच असेल तर वायूची जागा निम्मी केली की त्याचा दाब दुप्पट होतो. रॉबर्ट बॉइल यांनी हा नियम १६६२ साली मांडला.

सिलिंडरमध्ये ऑक्सिजन असाच दाबून भरतात. घरी येणाऱ्या मध्यम सिलिंडरची पोकळी साधारण १० लिटरची असते (हा आकडा सिलिंडरच्या गळ्याजवळ कोरलेला असतो, पाहून घ्या). भरलेला असताना काटा १५० च्या आसपास दाखवतो, म्हणजे बाहेरच्या हवेच्या सुमारे दीडशे पट दाब. १० गुणिले १५०, म्हणजे बाहेर सोडल्यावर सुमारे १,५०० लिटर ऑक्सिजन. मिनिटाला २ लिटर लावला असेल तर ७५० मिनिटे, साडेबारा तास. काटा ४० वर आला की ४०० लिटर उरले: २ लिटरने ३ तास २० मिनिटे, ५ लिटरने फक्त ८० मिनिटे. काटा शून्यावर जाईपर्यंत थांबू नका, ५० वर आला की दुसऱ्याची सोय करा. पुरवून वापरायचा म्हणून किंवा धाप लागली म्हणून फ्लोमीटरची गोळी मनाने खालीवर करू नका. काही जुनाट आजारांत जास्त ऑक्सिजनही घातक ठरतो.

स्वयंपाकाच्या गॅसला हा हिशेब लावू नका. तिथे आत द्रव असतो, त्यामुळे वजनच करावे लागते.

आता उन्हाळ्याचे. पत्र्याखाली तापलेल्या सिलिंडरचा काटा वर चढतो. तापमानात २७३ मिळवून जो आकडा येतो त्या प्रमाणात दाब वाढतो. २७ अंशांना १५० असलेला काटा ४७ अंशांना १६० दाखवेल. ऑक्सिजन मात्र तेवढाच आहे. म्हणून काटा सकाळी गारव्यात वाचावा आणि सिलिंडर सावलीत, उभा, साखळीने बांधून ठेवावा.

वंदनेची मेणबत्ती आणि अगरबत्ती त्या खोलीत लावू नका. चूल, विडीही दूर. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण ठिणगीचा भडका करतो. आणि पाना धरण्याआधी हाताला लागलेले खोबरेल तेल साबणाने धुऊन टाका.