आडव्या रेघेचे मोल
संगणकाच्या पुस्तिका-पृष्ठांची मांडणी आणि तिची दुरुस्ती

‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल भाग. दोन्ही शब्दांतील वर्ण तेच आणि त्यांचा क्रमही तोच. फरक आहे तो केवळ ‘र’ लिहिण्याच्या खुणेत. ‘आचार्यांना बोलवा’ आणि ‘आचाऱ्यांना बोलवा’ या वाक्यांचेही तसेच आहे. पहिल्या वाक्याने गुरुजन येतील, दुसऱ्याने स्वयंपाकी. लेखनातील खूण ही शोभेसाठी नसून अर्थासाठी असते, हे मराठी शाळेतील प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ रोजी देवनागरी लिपी व वर्णमाला यांच्या प्रमाणीकरणाचा शासन निर्णय काढला, त्यामागेही हीच जाणीव होती.

संगणकाच्या क्षेत्रात या जाणिवेची कसोटी लागते ती पुस्तिका-पृष्ठांच्या बाबतीत. संगणकाची यंत्रसामग्री आणि वापरणाऱ्याच्या आज्ञा यांच्यामध्ये राहून सर्व कामकाज चालविणाऱ्या मूळ आज्ञावलीला कार्यप्रणाली म्हणतात. या प्रणालीतील प्रत्येक आज्ञा कशी वापरावी, हे सांगणारे पृष्ठ संगणकातच साठविलेले असते. ‘मॅन’ असे लिहून पुढे आज्ञेचे नाव दिले की ते पडद्यावर येते. म्हणून त्याला ‘मॅन पेज’ असे नाव पडले. या पृष्ठांची मांडणी वेळोवेळी स्वच्छ करणे हे बाहेरून किरकोळ वाटणारे काम प्रत्यक्षात किती जबाबदारीचे आहे, याचा येथे विचार करावयाचा आहे.

परंपरा

या पद्धतीचा उगम अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत झाला. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी तेथे विकसित केलेल्या युनिक्स या कार्यप्रणालीच्या पुस्तिकेची पहिली आवृत्ती ३ नोव्हेंबर १९७१ या तारखेची आहे. नाव, वापराचा आराखडा, वर्णन, संबंधित फाइली, ‘हेही पाहा’, चूक झाल्यास येणारे संदेश आणि दोष, अशी प्रत्येक पृष्ठाची ठरावीक शीर्षके तेव्हाच निश्चित झाली होती. आपल्या आज्ञावलीतील उणिवा ‘दोष’ या शीर्षकाखाली आपणच नोंदवावयाच्या, हा त्यातील विशेष. ही चौकट थोड्याफार फरकाने आजही टिकून आहे. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी सुरू केलेल्या लिनक्स प्रणालीनेही तीच स्वीकारली.

ही पृष्ठे लिहिण्याची रीत मात्र साध्या टंकलेखनाहून वेगळी आहे. लेखक मजकुराबरोबरच मांडणीच्या सूचनाही लिहितो. ओळीच्या आरंभी टिंब असेल तर ती ओळ छापण्यासाठी नसून मांडणी करणाऱ्या आज्ञावलीसाठी आहे, असा संकेत आहे. शीर्षक कोणते, परिच्छेद कोठे सुरू होतो, ठळक अक्षरे कोठे हवीत, हे अशा ओळी सांगतात. १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीसाठी डग मॅकिलरॉय यांनी पुस्तिका-पृष्ठांकरिता या सूचनांचा एक संच तयार केला. तोच संच पुढे सर्वत्र रूढ झाला.

मुंबईच्या उपनगरांत

मुंबईच्या उपनगरांचा या प्रणालीशी जुना संबंध आहे. राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, म्हणजे एनसीएसटी, ही संस्था १९८५ मध्ये स्वायत्त झाली व अंधेरी तालुक्यातील जुहू येथे विकसित झाली. देशातील शिक्षण व संशोधन संस्थांना जोडणाऱ्या ‘अर्नेट’ या जाळ्याचे काम सुरू झाले, तेव्हा १९८६-८७ मध्ये जुहूचे हे केंद्र आणि पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्था यांच्यामध्ये टेलिफोनच्या तारेवरून ई-मेलची देवाणघेवाण होऊ लागली. त्यासाठी युनिक्समधील ‘यूयूसीपी’ या आज्ञावलीचा उपयोग करण्यात आला होता. एनसीएसटी पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली.

दूरदेशी लिहिलेली आज्ञावली येथे चालवावयाची, तर तिचा लेखक प्रश्न विचारण्यासाठी समोर नसतो. त्याच्या वतीने बोलते ते पुस्तिका-पृष्ठ. वाचणाऱ्याने पृष्ठावर जे दिसते तेच टंकित करावयाचे असते. म्हणून पृष्ठावर दिसणारी प्रत्येक खूण खरी असली पाहिजे.

खुणांची भाषा

पुस्तिका-पृष्ठातील अक्षरांच्या वळणाला निश्चित अर्थ आहे. ठळक अक्षरांत असेल ते जसेच्या तसे टंकित करावयाचे. तिरप्या अक्षरांत असेल त्याच्या जागी वाचकाने आपले नाव किंवा आकडा घालावयाचा. चौकटी कंसात असेल ते ऐच्छिक. तीन टिंबे असतील तर आधीचा भाग पुन्हा पुन्हा देता येतो. उभी रेघ असेल तर दोहोंपैकी एक निवडावयाचे.

शासकीय अर्जाच्या नमुन्यात ‘येथे अर्जदाराचे नाव लिहावे’ असे असते, तेव्हा अर्जदार त्या जागी आपले नाव लिहितो. ते वाक्य उतरवून काढत नाही. पुस्तिका-पृष्ठात हा भेद सांगण्याचे काम केवळ अक्षरांचे वळण करते. एखाद्या पृष्ठात ‘फाइल’ हा शब्द तिरप्याऐवजी ठळक छापला गेला, तर नवशिका वाचक आपल्या फाइलचे नाव न देता ‘फाइल’ हाच शब्द टंकित करील आणि आज्ञा चालत नाही म्हणून गोंधळेल. येथे मजकूर अचूक असूनही मांडणीमुळे सूचना चुकीची ठरते.

दोष कोठे शिरतात

अशा दोषांत सर्वांत बोधप्रद दोष आडव्या रेघेचा आहे. टंकफलकावर आडव्या रेघेची कळ एकच असली, तरी युनिकोडमध्ये शब्द जोडणारे संयोगचिन्ह आणि आज्ञांमध्ये वापरली जाणारी रेघ ही दोन स्वतंत्र चिन्हे आहेत. पृष्ठाच्या मूळ लेखनात नुसती रेघ लिहिली की तिचा अर्थ संयोगचिन्ह असा होतो. आज्ञेतील रेघ हवी असेल, तर तिच्या आधी उलटी तिरपी रेघ लिहावी लागते. घाईने लिहिणारा हा भेद विसरतो. पडद्यावर दोन्ही चिन्हे जवळजवळ सारखीच दिसतात.

याचा परिणाम काय होतो? ‘आरएम’ ही फाइल पुसून टाकणारी आज्ञा आहे. तिच्यापुढे रेघ देऊन ‘आय’ हे अक्षर लिहिले, तर पुसण्यापूर्वी संगणक प्रत्येक वेळी वापरणाऱ्याची संमती विचारतो. वाचकाने ही ओळ पृष्ठावरून उचलून आपल्या आज्ञेत चिकटविली आणि तिच्यातील रेघ हे वास्तविक संयोगचिन्ह असले, तर संगणक त्या खुणेला सूचना न समजता एखाद्या फाइलचे नाव समजतो. त्या नावाची फाइल सापडली नाही असे तो कळवितो, आणि पुढे नाव दिलेली खरी फाइल संमती न विचारताच पुसून टाकतो. सावधगिरीसाठी लिहिलेली खूणच अशा रीतीने निरुपयोगी ठरते.

मांडणी करणाऱ्या आज्ञावली अनेक वर्षे या चुकीवर पांघरूण घालीत आल्या. पुस्तिका-पृष्ठांपुरते त्या दोन्ही रेघांना एकच रूप देत. जुलै २०२३ मध्ये ‘ग्रॉफ’ या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या आज्ञावलीची १.२३ ही आवृत्ती निघाली, तेव्हा ही सवलत काढून घेण्यात आली. त्यामुळे पृष्ठांतील चुका उघड होतील, असे तिच्या कर्त्यांनी सांगितलेही होते. उलट ‘डेबियन’ या लिनक्सच्या वितरणाने आपल्या वाचकांसाठी ती सवलत पुन्हा लागू केली. एका पक्षाने लेखकांना चूक दाखविणे महत्त्वाचे मानले, तर दुसऱ्याने वाचकाला तिचा त्रास होऊ न देणे. दोन्ही भूमिकांना आधार आहे. परंतु कोणतीही स्वीकारली, तरी एकेका पृष्ठातील चूक शोधून सुधारण्याचे काम शिल्लक राहतेच.

दुसरा दोष याहून छुपा आहे. युनिक्समध्ये काही फाइलींची नावे टिंबानेच सुरू होतात. अशा फाइलीचे नाव योगायोगाने ओळीच्या आरंभी आले, तर मांडणी करणारी आज्ञावली ती संपूर्ण ओळ सूचना समजते. तशी सूचना तिच्या परिचयाची नसते, म्हणून ती ओळ गाळली जाते. छापलेल्या पृष्ठावर रिकामी जागाही राहत नाही. गळालेल्या ओळीत एखादा इशारा असेल, तर तो कधी लिहिलाच नव्हता असे वाचकाला वाटते.

तिसरा दोष ‘नाव’ या शीर्षकाखालील ओळीचा. या एका ओळीत आज्ञेचे नाव, रेघ आणि थोडक्यात वर्णन एवढेच असावे, असा नियम आहे. संगणक या ओळींवरूनच सर्व पृष्ठांची सूची तयार करतो. ओळीचा साचा बिघडला, तर पृष्ठ जागेवर असूनही सूचीत येत नाही. ग्रंथालयात पुस्तक कपाटात असावे, पण त्याची नोंद तालिकेत नसावी, तशी ही स्थिती होते.

दुरुस्तीची शिस्त

मांडणीची दुरुस्ती करणाऱ्याने पाळावयाचे काही नियम अनुभवाने निश्चित झाले आहेत.

पहिला नियम असा की, मांडणी आणि मजकूर यांत एकाच वेळी बदल करू नये. रेघा सुधारता सुधारता वाक्यरचनाही ‘बरी’ करण्याचा मोह होतो. तसे केल्यास तपासणाऱ्याला शेकडो निरुपद्रवी बदलांमध्ये अर्थ बदलणारा एक बदल सापडत नाही. दुसरा नियम, एका वेळी एकाच प्रकारचा दोष हाती घ्यावा. तिसरा, दुरुस्तीपूर्वीचे आणि दुरुस्तीनंतरचे छापील रूप यंत्राकडून ओळीओळीने ताडून पाहावे. हेतुपूर्वक केलेल्या बदलाखेरीज त्यांत दुसरा कोणताही फरक दिसता कामा नये.

चौथा नियम लेखनाच्या सवयीचा आहे. प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर सुरू करावे, असा सल्ला ब्रायन कर्निगन यांनी १९७४ मध्ये युनिक्सच्या नवशिक्यांसाठी लिहिलेल्या पुस्तिकेत दिला होता. छापताना यंत्र ओळी जोडून परिच्छेद करतेच. पण मूळ लेखनात वाक्ये सुटी असली की कोणते वाक्य बदलले ते तत्काळ दिसते. नियमभंग शोधणारी तपासणी-साधनेही आज उपलब्ध आहेत. मात्र ‘येथे ठळक अक्षरे हवीत की तिरपी’ याचे उत्तर अर्थ समजल्याशिवाय देता येत नाही, आणि तेथे माणसाचीच गरज लागते.

हा माणूस जाणकारच असावा असे नाही. पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने केंद्र शासनाच्या साहाय्याने ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा उपक्रम चालविला आहे. लिनक्ससह अनेक विषयांवरील त्याचे सुमारे दहा मिनिटांचे पाठ मराठीसह विविध भारतीय भाषांत ऐकावयास मिळतात. पाठाची संहिता विषयतज्ज्ञाप्रमाणेच नवशिक्याकडूनही तपासून घेण्याची पद्धत त्यात ठेवलेली आहे. तज्ज्ञ माणूस गाळलेली पायरी मनातल्या मनात भरून काढतो. नवशिका मात्र तेथेच अडतो, आणि दोष नेमका कोठे आहे ते त्यामुळे कळते.

कार्यालयांसाठी बोध

माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४(१)(ख) नुसार प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने सतरा बाबींची माहिती प्रसिद्ध करावयाची असते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार सेवा, तिची कालमर्यादा, पदनिर्देशित अधिकारी आणि अपिलीय अधिकारी यांची माहिती नागरिकांसमोर ठेवावयाची असते. ही एका अर्थाने कार्यालयाची पुस्तिका-पृष्ठेच होत. त्यांना ठरावीक शीर्षके आहेत, आणि ती वाचणारा माणूस अनेकदा विचारण्यासाठी कोणी समोर नसताना वाचतो.

अशा फलकावर आवश्यक कागदपत्रांच्या यादीत ‘शिधापत्रिका / वीजबिल / आधारपत्र’ असे लिहिलेले असते. या तिरप्या रेघेचा अर्थ ‘यांपैकी कोणतेही एक’ असा आहे की ‘ही तिन्ही’, हे लिहिणाऱ्या लिपिकाला ठाऊक असते. वाड्यावरून आलेल्या अर्जदाराला नसते. त्याने एकच कागद आणला आणि तीन हवे होते, तर त्याची एक खेप व एका दिवसाची मजुरी जाते. शिक्षकांनी, ग्रामसेवकांनी आणि पंचायत सदस्यांनी आपल्या कार्यालयातील असा एक फलक निवडून तो कार्यालयाशी परिचय नसलेल्या व्यक्तीकडून मोठ्याने वाचून घ्यावा. वाचणारा जेथे थांबेल, तेथील रेघ पुसून ‘यांपैकी कोणतेही एक’ किंवा ‘ही सर्व’ असे स्पष्ट शब्द लिहावेत. त्याला खर्च येत नाही, आणि दुसऱ्या दिवशी येणाऱ्या अर्जदाराची खेप वाचते.