उपचार चालू असलेल्या गाईचे दूध

गाईची कास सुजून धारेत गुठळ्या येऊ लागल्या, म्हणजे तो कासदाह होय. पुष्कळ गावी त्यास दगडी म्हणतात. त्यावर सडातून पेनिसिलीनसारख्या प्रतिजैविकाची ट्यूब सोडतात. सूज उतरते, दूध पुन्हा स्वच्छ दिसू लागते आणि शेतकरी ते लगेच संकलन केंद्रावर घालतो. चूक होते ती येथेच. औषधाचा अंश दुधात अद्याप उतरत असतो.

औषध एकाच सडात सोडले, तेव्हा उरलेल्या तीन सडांचे दूध निर्दोष, ही समजूतही खरी नव्हे. औषध रक्तात शोषले जाऊन इतर सडांतही येऊ शकते.

दूध तापविल्याने हा दोष जात नाही. उकळीने जंतू मरतात. पेनिसिलीन बहुतांशी टिकते. पाश्चरीकरणानेही ते फारसे घटत नाही. असल्या दुधास विरजण लावल्यास दही नीट लागत नाही, कारण दह्याचे जंतूच औषधाने दबतात. मात्र दही लागले एवढ्यावरून दूध शुद्ध ठरवू नये. अत्यल्प अंश असता दही लागतेच.

एक लाख युनिट पेनिसिलीन म्हणजे 60 मिलिग्रॅम. आंतरराष्ट्रीय मर्यादा दर किलो दुधास 4 मायक्रोग्रॅम आहे. या हिशेबाने तेवढे औषध 15,000 किलो दूध मर्यादेपर्यंत नेण्यास पुरते. मग एका गाईच्या दुधाने केंद्रावरील सारा कॅन बिघडला, तर नवल नाही. 2018 साली देशभर कच्च्या व प्रक्रिया केलेल्या दुधाचे 6,432 नमुने तपासले गेले. त्यांपैकी 77 नमुन्यांत प्रतिजैविकांचे प्रमाण मर्यादेबाहेर आढळले. ज्यांना पेनिसिलीन सोसत नाही, त्यांच्या अंगावर अशा दुधाने पित्त उठू शकते. शिवाय अल्प मात्रेत औषध वारंवार भेटल्याने रोगजंतू त्यास दाद देईनासे होतात.

औषधाच्या वेष्टनावर दूध किती दिवस वर्ज्य करावे हे छापलेले असते. तसा काळ निश्चित केलेला नसल्यास, 2012 च्या नियमाप्रमाणे तो किमान सात दिवसांचा धरावा. दिवस मोजावयाचे ते शेवटच्या मात्रेपासून. सात दिवसांचे दूध ओतून देणे लहान शेतकऱ्यास जड जाते, यात शंका नाही. म्हणूनच उपचारापूर्वी पशुवैद्यास हा काळ विचारून घ्यावा व ग्रामसेवकाने तो गोठ्याच्या दारावर खडूने लिहवून घ्यावा. गाईच्या पायात रंगीत दोरी बांधावी, म्हणजे धार काढणारा बदलला तरी घोटाळा होत नाही. तिची धार सर्वांच्या शेवटी, निराळ्या भांड्यात काढावी. ते दूध वासरासही पाजू नये. आटविताना सडात सोडलेल्या औषधाचा अंमल अधिक काळ राहतो. गाय अपेक्षेपेक्षा लवकर व्याली, तर दूध केंद्रावर घालण्यापूर्वी पशुवैद्यास अवश्य विचारावे.