मळीच्या चढणीवर

उसाच्या वाहतुकीसाठी ट्रॅक्टर घेऊ पाहणारी तरुण मंडळी अलीकडे माझ्याकडे सल्ल्यासाठी येतात, आणि त्यांतील बहुतेकांचा पहिला प्रश्न ‘किती एच.पी.चा घ्यावा’ हाच असतो. हाच प्रश्न २०१६ च्या दसऱ्याला मी विक्रेत्यास विचारला होता, आणि त्याने सांगितलेल्या एका आकड्यावर संतुष्ट होऊन, जमीन तारण ठेवून, कर्जाच्या दस्तऐवजावर सही केली होती. त्या सहीचे मोल केवळ पैशांत फेडून भागले असते तर मी हा मजकूर लिहावयास बसलो नसतो.

आमचे गाव शिरोळ तालुक्यात, पंचगंगेच्या काठी आहे. मुलूख सपाट, परंतु मळीचे रान नदीच्या अंगाला खाली, आणि तेथून डांबरी सडकेवर येण्यासाठी सुमारे ३०० फूट लांबीची, शंभर फुटांस पाच फूट वर चढणारी मुरुमाची वाट आहे. पुढील जानेवारीत, हंगाम ऐन भरात असताना, प्रत्येकी सात टन ऊस भरलेल्या दोन ट्रॉल्या घेऊन मी त्या वाटेला लागलो. निम्म्या चढणीवर इंजिनाचा आवाज खोल गेला, फेरे घटू लागले, आणि खालचा गिअर घालावा म्हणून मी क्लच दाबला, त्याच क्षणी सगळे ओझे थबकून मागे सरू लागले. ब्रेकने ट्रॅक्टरची चाके अडली, पण अडलेली चाकेच मुरुमावरून घसरत राहिली. मागची ट्रॉली आडवी वळली. बीडकडच्या ऊसतोड टोळीबरोबर आलेला एकोणीस वर्षांचा मुलगा चाकाखाली दगड लावण्यास धावला, आणि ट्रॉली कलंडली ती त्याच्या उजव्या पायावर. मिरजेस शस्त्रक्रिया झाली, जीव वाचला. पायाची तीन बोटे गेली. पंचनाम्यात ‘चालकाचा ताबा सुटल्याने’ असे नमूद आहे, आणि ते असत्य नाही. परंतु तो ताबा नेमका कशामुळे सुटला, हे समजून घेण्यास मला पुढील दोन वर्षे लागली.

हिशेब शाळकरी मुलासही मांडता येईल असा आहे. ट्रॅक्टर दोन टन, रिकाम्या ट्रॉल्या मिळून चार टन, ऊस चौदा टन, म्हणजे एकूण वीस टन. शंभरास पाच या चढणीसाठी एक टन जोर लागतो, आणि मुरुमाच्या वाटेवर चाके नुसती फिरती ठेवण्यास, शंभरास तीन धरले तर, आणखी सहाशे किलो. हा सोळाशे किलोंचा जोर ताशी आठ किलोमीटरच्या वेगाने लावावयाचा तर चाकांपाशी ४७ अश्वशक्ती हवी, आणि गिअरपेटी व डिफरन्शियल यांत होणारी घट भरून काढण्यास इंजिनाने पन्नासाहून अधिक दिली पाहिजे. माझ्या इंजिनाची पन्नास अश्वशक्ती मिनिटाला २५०० फेऱ्यांवर मोजलेली होती. वेग निम्मा केला असता तर शक्तीही निम्मीच लागली असती. तेव्हा दोष गिअर निवडण्यात होता, इंजिनात नव्हे, असे कोणी म्हणेल, तर ते अर्धे सत्य आहे, आणि त्या अर्ध्याची जबाबदारी माझी आहे.

उरलेले अर्धे असे की, ओझ्याखाली फेरे घटू लागले म्हणजे इंजिनाचे पीळबळ, ज्याला यंत्रज्ञ टॉर्क म्हणतात, किती वाढते यावर चढणीचा निकाल लागतो. चांगले ओढणारे इंजिन दबले की अधिक जोराने पाय रोवते. माझे दबले की दबतच गेले. मध्य प्रदेशातील बुदनी येथे १९५५ पासून केंद्र सरकारची ट्रॅक्टर तपासणारी संस्था आहे, आणि तिच्या अहवालांत हे आकडे छापलेले असतात, हे मला अपघातानंतर कळले. माझ्या इंजिनाचा टॉर्क पूर्ण शक्तीच्या वेळी १४० न्यूटन-मीटर होता, आणि फेरे कितीही उतरले तरी तो १५२ च्या वर जात नव्हता, म्हणजे वाढ शेकडा आठ-नऊ. शेजारच्या मळ्यातील पंचेचाळीस अश्वशक्तीच्या, २००० फेऱ्यांच्या ट्रॅक्टरचा तोच आकडा १५८ वरून १९० पर्यंत, शेकडा वीस वाढत होता. तो ट्रॅक्टर तीच वाट, तेवढेच ओझे घेऊन, वर्षानुवर्षे निमूट चढत आला होता. विक्रेत्याकडे अश्वशक्ती विचारण्यापूर्वी हा अहवाल मागावा, आणि त्यातील पी.टी.ओ.ची, म्हणजे अवजारे फिरविणाऱ्या मागच्या दांड्यापाशी मिळणारी, शक्ती पाहावी; बॉनेटवर रंगविलेला आकडा इंजिनाचा असतो, तो चाकांपर्यंत पुरता पोहोचत नाही.

इंजिन कितीही समर्थ असले तरी जोर अखेर मातीवर टेकलेल्या मागच्या चाकांनीच लावावयाचा असतो. ट्रॉल्यांच्या अठरा टनांस त्या चढणीवर सुमारे १४४० किलो ओढ लागत होती, आणि ट्रॅक्टर स्वतः २००० किलोंचा. स्ववजनाच्या पाऊणपट ओढ सैल मुरुमावर मागणे हा अन्याय आहे, मग इंजिन कोणाचेही असो. टायरमध्ये पाणी भरावे, पुढे लोखंडी वजने लावावीत, हूक खालच्या ड्रॉबारलाच अडकवावा, कारण तो वर गेला की ट्रॅक्टर तोंड उचलतो. परंतु या सर्वांहून मोठी तजवीज म्हणजे मागची ट्रॉली खाली सोडून एकेक ट्रॉली सडकेवर आणणे. खेपेला अर्धा तास अधिक लागतो. त्या मुलाच्या पायापुढे अर्धा तास काय आहे!

आता नवीन घेणाऱ्यांस आणखी एक बाब ध्यानी घ्यावी लागते. १ जानेवारी २०२३ पासून पन्नास अश्वशक्तीवरील ट्रॅक्टरांना धुराचे कडक नियम लागू झाले, आणि त्यांत इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाची कॉमन रेल इंजिने आली. ती उत्तम ओढतात, पण पिंपात साठविलेले, पाणी उतरलेले डिझेल त्यांना चालत नाही. ज्याच्या वस्तीवर पिंपाचीच वहिवाट आहे त्याने ती मोडावी, नाही तर पन्नासाच्या आत, अधिक टॉर्कचे इंजिन पाहावे. आणि ट्रॅक्टर कोणताही घेतला तरी, उतरणीवर जो गिअर चढताना लागला असता तोच आधी घालावा, क्लच दाबू नये, न्यूट्रल तर कधीच नाही, आणि सडकेला लागण्यापूर्वी दोन्ही ब्रेकच्या पेडलांना जोडणारी कडी लावल्याची खातरजमा करावी.

माझा दुसरा ट्रॅक्टर घेताना मी विक्रेत्यांस एकच अट घातली: भरलेल्या ट्रॉलीसह त्या मळीच्या चढणीवर मध्येच थांबवून पुन्हा निघून दाखवावे. दोघांनी नकार दिला, तिसरा आला. तो मुलगा आता आमच्याच वस्तीवर राहतो, ट्रॅक्टरची देखभाल त्याच्याकडे असते. त्या दिवशी चाकांमागे दोन मोठे दगड त्याने आधीच, ट्रॅक्टर हलण्यापूर्वी, मांडून ठेवले, आणि बाजूच्या बांधावर उभा राहून हात वर केला. इंजिन दबले, आवाज खोल झाला, चाके किंचित थरारली, आणि ट्रॉली वर निघाली. तिचे मागचे चाक सडकेच्या डांबरावर टेकेपर्यंत त्याने हात खाली घेतला नाही.