नामांकित कंपन्यांच्या नावाने येणारी खोटी ई-मेल पत्रे : पारख व उपाय

पिशवीवर मोठ्या कंपनीचे नाव आहे, एवढ्यावरून जाणता शेतकरी बियाणे पेरीत नाही. तो लेबल व मोहोर पाहतो, शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण मोजतो, आणि मगच पाभर धरितो. गूगल, मायक्रोसॉफ्ट आदि कंपन्यांच्या नावाने येणाऱ्या ई-मेल पत्रांसही अशीच कसोटी लाविली पाहिजे. त्यांतील खोट्या पत्रांच्या फसवणुकीस 'फिशिंग' म्हणतात.

दादरच्या फुलबाजारास माल पाठविणारा एखादा बागाईतदार घ्या. दलालाकडून येणाऱ्या पट्ट्या त्यास ई-मेलने मिळतात. एके दिवशी पत्र येते : 'आपल्या खात्यात परक्याने प्रवेश केला आहे, २४ तासांत परवलीचा शब्द न भरल्यास खाते बंद होईल.' बोधचिन्ह हुबेहूब असते. घाबरून शब्द भरला की तो चोराच्या हाती गेला. चोर लगेच पैसे नेतोच असे नाही. तो जुनी पत्रे वाचितो व पुढे बागाईतदाराच्याच नावाने दलालास कळवितो की, आमचे बँकेचे खाते बदलले, रक्कम नव्या खात्यात भरावी. हंगामाची कमाई अशी परस्पर जाते.

फसतो तो अडाणीच, असे समजू नये. लिथुएनियातील एका इसमाने २०१३ ते २०१५ या काळात क्वांटा या तैवानी संगणक-कारखान्याच्या नावाने खोटी पत्रे व बिले पाठवून खुद्द गूगल व फेसबुक यांजकडून १० कोटी डॉलरांहून अधिक रक्कम उकळली. २०१९ मध्ये त्यास अमेरिकेत ५ वर्षांची शिक्षा झाली.

पारख. पाकिटावर पाठविणाराचे नाव कोणीही लिहू शकतो. तसेच ई-मेलचे आहे. यास्तव नाव न पाहता पूर्ण पत्ता पाहावा. दुव्याच्या पत्त्यात पहिल्या तिरप्या रेषेपूर्वीचा शेवटचा भाग महत्त्वाचा. 'अकाउंट्स डॉट गूगल डॉट कॉम' हे गूगलचे. पण 'गूगल डॉट कॉम डॉट तपासणी डॉट नेट' हे परक्याचे. कधी इंग्रजी 'एम्'च्या जागी 'आर्' व 'एन्' जोडून लिहितात. घाईत नजर फसते. पूर्वी अशुद्ध भाषा ही खूण असे. आता यंत्राच्या साह्याने चोरही शुद्ध मराठी लिहितात. घाई व धमकी ही खूण मात्र अद्याप टिकून आहे.

उपाय. पत्रातील दुव्यास स्पर्श करू नये. कंपनीचे संकेतस्थळ स्वतः उघडून खात्यात काही सूचना आहे काय, ते पाहावे. दुहेरी पडताळणी चालू ठेवावी व तिचा आकडा कोणासही सांगू नये. बँक-खाते बदलल्याचे पत्र आल्यास जुन्या, माहितीच्या दूरध्वनीवर खात्री केल्यावाचून पैसे पाठवू नयेत.

शब्द दिला गेलाच, तर तो तत्काळ बदलावा, सर्व उपकरणांवरून खाते बंद करून पुन्हा उघडावे, आणि आपली पत्रे दुसऱ्या पत्त्यावर परस्पर पाठविण्याची सोय चोराने करून ठेविली नाही ना, हे तपासावे. पैसे गेले असल्यास बँकेस व १९३० या क्रमांकावर लगोलग कळवावे. खोटे पत्र पुरावा म्हणून जपावे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ डी अन्वये तोतयेगिरीने फसविणारास ३ वर्षांपर्यंत कैद व १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

पुष्कळ घरांतील ई-मेल खाते गिरगाव, परळ, लालबाग येथे नोकरीस असलेल्या मुलाने उघडून दिलेले असते. त्यासही हा लेख वाचावयास द्यावा. आणि घरातील कोणी फसले, तर त्यास रागे भरू नये. लाजेने गोष्ट लपविली जाते, आणि लपविलेल्या त्या तासांतच पैसा हातचा जातो.