मोहरमच्या शुभेच्छा द्यायच्या का?

प्रश्न : आमच्या सोसायटीत एक शिया कुटुंब राहतं. 2024 आणि 2025, दोन्ही वर्षी आषाढी एकादशी आणि मोहरम एकाच दिवशी आले. मी विठ्ठलाच्या चित्रासोबत त्यांना मोहरमच्याही शुभेच्छा पाठवल्या. उत्तर आलं नाही. माझं काही चुकलं का? आणि हे दिवस जुळले कसे?
— एक वाचक, कोंढवा, पुणे

उत्तर : चुकलं, पण मन साफ होतं, त्यामुळे सावरता येईल. मोहरमचा दहावा दिवस दुखवट्याचा. इ.स. 680 मध्ये करबलाला पैगंबरांचे नातू इमाम हुसेन मारले गेले. त्याआधी त्यांच्या माणसांचं, लेकरांचंसुद्धा पाणी तोडलं होतं. शिया घरांत या दिवसांत काळे कपडे असतात, मजलिशीत, म्हणजे शोकसभेत, माणसं ढसाढसा रडतात. सुतकातल्या घरी आपण शुभेच्छा देत नाही, नुसते जाऊन बसतो. तसंच जा. सरबत पुढे आलं तर नाही म्हणू नका, ते त्या तहानेच्या आठवणीचं असतं.

मोहरममध्ये हिंदूंनी सामील होणं पुण्याला नवं नाही. एकेकाळी इथले हिंदू ताबूत बसवत, मिरवणुकीत चालत. 1893 च्या मुंबईतल्या हिंदू-मुस्लिम दंगलीनंतर, 1894 मध्ये, बहुतेक जण बाजूला झाले. त्याच सुमारास सार्वजनिक गणेशोत्सव वाढला. त्यातल्या मेळ्यांवर मोहरमच्या टोळ्यांची छाप होती, हे मात्र आपण विसरलो. मला त्याची फार खंत वाटते. सांगली जिल्ह्यात कडेगावला अजूनही ताबुतांचा मान हिंदू घराण्यांकडेही आहे, आणि कितीतरी गावांत पीर बसले की हिंदू घरांतही चोंगे होतात : गुळाच्या पाण्यात घट्ट मळलेली कणीक, नक्षीच्या साच्यावर थापायची, वर खसखस.

आता दिवस जुळण्याचं. मुसलमानी महिना चंद्रकोर दिसल्यावर दुसऱ्या दिवशी सुरू होतो, म्हणून त्याची दहावी तारीख आपल्या एकादशीच्या आसपास पडते. पण त्यांच्यात अधिक महिना नसतो, त्यामुळे त्यांचं वर्ष साधारण 354 दिवसांचंच राहतं आणि सण मागे सरकत जातात. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ असल्याने आषाढी जुलैअखेरीस जाते. मोहरमचा तो दिवस मात्र जूनअखेरीस, निर्जला एकादशीच्या आगेमागे येतो. पाणीही न घेता उपास करायचा, ती एकादशी.