जुना संगणक मध्येच थबकतो तेव्हा

काही शाळांतून व कार्यालयांतून विंडोज ९५ किंवा ९८ या प्रणालीवर चालणारा एखादा जुना संगणक अद्याप जपून ठेवलेला असतो. त्यातील नोंदी हव्यात म्हणून तो सुरू करावा, तर थोड्याच वेळात पडदा गोठतो. अशा वेळी हार्ड डिस्क फॉरमॅट करण्याचा सल्ला हटकून दिला जातो. तो घाईने मानू नये. दोष पुष्कळदा डिस्कमध्ये नसून दोन कार्डांच्या संघर्षात असतो; पुसलेल्या नोंदी मात्र सहसा परत मिळत नाहीत.

माऊस, मोडेम इत्यादी साधने प्रोसेसरचे लक्ष वेधण्यासाठी ठराविक तारेवरून इशारा देतात. १९८१ च्या आयबीएम पीसीमध्ये अशा ८ तारा होत्या; १९८४ च्या पीसी-एटीमध्ये आणखी ८ आल्या. जुन्या पद्धतीच्या कार्डांना एकच तार दोघांत नीट वाटून घेता येत नाही. दोन अधिकाऱ्यांच्या घंटा एकाच आवाजाच्या असल्या, तर शिपायाने कोणाच्या खोलीत जावे? तसाच हा प्रकार. पहिल्या व तिसऱ्या कॉम पोर्टास ४ क्रमांकाची एकच तार नेमलेली असते. माऊस पहिल्यावर आणि मोडेम तिसऱ्यावर असल्यास, मोडेम दूरध्वनी जोडू लागताच माऊस जागीच थिजतो. दोन्ही साधने धडधाकट असतात, म्हणूनच जाणताही चकतो.

संगणक सुरू होताना एफ ८ ही कळ दाबून सेफ मोड निवडावा. त्यात मोजकेच भाग चालू राहतात. तेथे संगणक स्थिर राहिला, तर प्रथम नोंदींची प्रत फ्लॉपीवर घ्यावी. बाकी सारे त्यानंतर. मग नेहमीच्या पद्धतीने सुरू करून कंट्रोल पॅनेलमधील डिव्हाइस मॅनेजर पाहावा. पिवळे उद्गारचिन्ह असलेल्या साधनाच्या रिसोर्सेस या पानावर ते कोणाशी अडले आहे, हे बहुधा लिहिलेले असते.

तेवढा वेळही संगणक टिकत नसेल, तर प्लग काढून, पेटीच्या धातूस हात लावून, पडद्याचे व डिस्कचे कार्ड वगळता बाकीची कार्डे काढावीत आणि एकेक करून परत बसवावीत. ज्या कार्डानंतर पडदा गोठेल, त्याचा जंपर बदलून मोकळी तार द्यावी. जंपरची मूळ जागा आधी कागदावर टिपून ठेवावी. माहितीपत्रके रद्दीत घालण्याची आपली सवय येथे महागात पडते. तरी पुष्कळ कार्डांवर जंपरच्या खुणा छापलेल्या असतात.

सेफ मोडमध्येही संगणक थबकत असेल, तर मात्र स्मृतिपट्ट्या, पंखा आणि वीजपुरवठा तपासावा.